ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकायचंय? व्याख्या बाजूला ठेवा, सापशिडी लिहायला घ्या

नवीन मुलांशी बोलताना मी हमखास एक प्रश्न विचारतो. सापशिडीच्या प्रोग्रॅममध्ये सोंगटी पुढे सरकवायचं काम कुणाचं? खेळाडूचं, सोंगटीचं, की पटाचं? एन्कॅप्सुलेशन, ॲब्स्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम ही चार नावं ज्यांनी नुकतीच धडाधड म्हणून दाखवलेली असतात, ते इथे गप्प होतात. चूक त्यांची नाही. त्यांना व्याख्या शिकवलेल्या असतात, आणि हा प्रश्न कामाच्या वाटणीचा आहे. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग (ओओपी) म्हणजे मुळात कामाची वाटणीच: कुठली माहिती कुणी सांभाळायची आणि कुठलं काम कुणी करायचं. हा लेख त्याच प्रश्नाभोवती फिरतो.

आधी एवढं येतंय का बघा

व्हेरिएबल, इफ, लूप, फंक्शन, लिस्ट आणि डिक्शनरी. कुठेही न बघता ५०-६० ओळींचा, तीन-चार फंक्शन असलेला प्रोग्रॅम तुम्हाला लिहिता येत असेल तर पुढे वाचा. येत नसेल तर दोन-तीन आठवडे थांबा. फंक्शनला दिलेली किंमत आत जाते कशी आणि परत येते कशी हेच धूसर असेल, तर क्लास (माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधणारा साचा; त्यातून बनलेली एकेक वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट) हा नुसता जास्तीचा गोंधळ होतो.

भाषा कुठली? पायथन किंवा जावा, दोन्हींपैकी कुठलीही एक. पायथनमध्ये कमी लिहावं लागतं, त्यामुळे लक्ष विचारावर राहतं. अगदी नव्या आवृत्त्यांत छोट्या प्रोग्रॅमला दिलेली सूट सोडली तर जावा पहिल्या ओळीपासून क्लास लिहायला लावते आणि प्रायव्हेट म्हटलं की बाहेरून हात लावू देत नाही. पायथनमध्ये नावाआधी अंडरस्कोअर लावणं हा फक्त शिष्टाचार आहे, कुणी मोडला तर भाषा अडवत नाही. शिस्त हवी असेल तर जावा, पटकन काहीतरी चालताना बघायचं असेल तर पायथन. सी प्लस प्लस नंतर करा, तिथे मेमरीचा हिशेबही तुमच्याच गळ्यात पडतो. जावास्क्रिप्टमध्ये क्लास हा शब्द २०१५ च्या आवृत्तीत आला आणि त्याखाली अजूनही प्रोटोटाइपची जुनी यंत्रणाच चालते, म्हणून पहिली भाषा म्हणून मी ती सुचवत नाही. एकदा निवडली की तीन महिने बदलू नका.

पायथन घेणाऱ्यांसाठी एक गंमत: पायथन ३ मध्ये क्लासचं, मेथडचं (म्हणजे क्लासमधल्या फंक्शनचं), व्हेरिएबलचं नाव चक्क देवनागरीत देता येतं. टीममध्ये काम करताना कुणी असं करत नाही. पण घरी सराव करताना क्लासचं नाव सरळ ‘खेळाडू’ ठेवून बघा. निदान त्या एका आठवड्यात आपण नेमकं कशाबद्दल लिहितोय याचा विसर पडत नाही.

पहिली पायरी: क्लासशिवाय लिहा

हो, क्लासशिवायच. १०० घरांची सापशिडी, दोन खेळाडू, सगळं फंक्शन आणि डिक्शनरीमध्ये. साप आणि शिड्या एकाच डिक्शनरीत बसतात: कुठल्या घरावरून कुठल्या घरावर. तासा-दीड तासाचं काम आहे.

चाललं की त्यात बदल करायला बसा. आता चार खेळाडू हवेत. एखाद्या घरावर गेलं की एक डाव चुकतो. सहा पडला की पुन्हा फासा टाकायचा. प्रत्येकाच्या सगळ्या चाली शेवटी छापायच्या. चौथ्या बदलापर्यंत तुमच्याकडे जागांची एक लिस्ट, चुकलेल्या डावांची दुसरी, चालींची तिसरी आणि नावांची चौथी झालेली असेल. चौघींचा क्रम जुळता ठेवण्याची जबाबदारी तुमच्या डोक्यावर. कुठेतरी एक क्रमांक चुकतो आणि एकाची चाल दुसऱ्याच्या नावावर पडते.

हा वैताग एकदा अनुभवाच. क्लास ही सोय याच दुखण्यावर निघाली आहे. नॉर्वेत ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा केली ती प्रत्यक्ष जगातल्या गुंतागुंतीच्या व्यवस्थांची संगणकावर नक्कल करण्यासाठी. १९६७ च्या सिम्युलात क्लास आणि ऑब्जेक्ट आले. अनेक वस्तू, प्रत्येकीची आपली स्थिती, प्रत्येकीचं आपलं वागणं. तुमच्या सापशिडीचीही अडचण तीच आहे, फक्त आकाराने लहान.

दुसरी पायरी: क्लास, ऑब्जेक्ट आणि बाणांची चित्रं

आता खेळाडूचा क्लास करा. नाव, जागा, चुकवायचे डाव आणि चालींची यादी हे सगळं एका ठिकाणी. चार लिस्टची एक लिस्ट होते, चार खेळाडूंची.

पायथनवाल्यांना पहिल्याच दिवशी एक एरर भेटते: ‘टेक्स झिरो पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट वन वॉज गिव्हन’. आपण कंसात काहीच दिलेलं नसतं, मग हे ‘वन’ आलं कुठून? ते ऑब्जेक्ट स्वतः असतं. खेळाडूवर मेथड बोलावली की पायथन तो खेळाडूच गुपचूप पहिली किंमत म्हणून पाठवतो, आणि ती झेलायला मेथडमध्ये सेल्फ लिहिलेलं असावं लागतं. जावामध्ये हेच काम ‘दिस’ (this) हा शब्द करतो, फक्त तो कंसात लिहावा लागत नाही. सेल्फ म्हणजे ‘ज्याला हाक मारली तो’. एवढं लक्षात ठेवलं की बास.

दुसरा खड्डा जास्त खोल आहे. चालींची रिकामी यादी तुम्ही कन्स्ट्रक्टरमध्ये (नवं ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणाऱ्या मेथडमध्ये) न लिहिता क्लासच्या नावाखाली सरळ पहिल्या ओळीत लिहिलीत, असं समजा. दोन खेळाडू बनवले. पहिल्याने तीन चाली केल्या. दुसऱ्याची यादी छापली तर त्यातही त्याच तीन चाली! कारण ती यादी खेळाडूची नाहीच. ती क्लासची आहे, एकच आहे, आणि दोघेही तिच्यातच लिहितायत. यात फसवणारी गोष्ट अशी की तिथे यादीऐवजी जागेचा आकडा लिहिला असता तर सगळं नीट चाललंय असंच वाटलं असतं. सेल्फची जागा वाढवताना पायथन त्या खेळाडूसाठी नवा आकडा करून ठेवतो आणि क्लासचा आकडा तसाच राहतो. यादीत भर घालताना मात्र नवीन काहीच बनत नाही, आहे त्याच यादीत नोंद पडते. म्हणून प्रत्येक खेळाडूची जी गोष्ट वेगळी असायला हवी ती कन्स्ट्रक्टरमध्ये, सेल्फला जोडून लिहा.

हे वाचून समजत नाही, बघून समजतं. पायथन ट्यूटर नावाचं मोफत साधन आहे. त्यात कोड टाकला की एकेक ओळ चालवत ते ऑब्जेक्टचे चौकोन आणि त्यांच्याकडे जाणारे बाण काढून दाखवतं. नावात पायथन असलं तरी जावा आणि सी प्लस प्लसही चालतं. वरचा कोड त्यात टाका. दोन्ही खेळाडू एकाच यादीशी येऊन थांबतात हे डोळ्यांनी दिसेल. मग दोन आठवडे हीच चित्रं वहीत हाताने काढा. एक ऑब्जेक्ट दुसऱ्या नावाला दिलं की त्याची नक्कल होत नाही, फक्त दुसरा बाण तयार होतो. हे एकदा बोटांत बसलं की नवशिक्यांचे बरेचसे बग आपोआप गळून पडतात.

जावा घेतली असेल तर ब्लूजे वापरून बघा. हा एडिटर शिकणाऱ्यांसाठीच बनवलेला आहे. क्लासच्या चौकोनावर राइट क्लिक करून ऑब्जेक्ट बनवायचं, मग त्या ऑब्जेक्टवर क्लिक करून मेथड चालवायची. मेन मेथड लिहिण्याआधीच क्लासशी खेळता येतं.

तिसरी पायरी: राखण कुणी करायची?

तुमचा खेळाडू ९८ वर आहे आणि ६ पडले. गेला १०४ वर. नियम असा की १०० च्या पुढे जाणारी चाल वाया जाते. हा नियम कुठे लिहाल?

पहिला मोह मुख्य लूपमध्ये लिहायचा होतो. मग शिडी चढताना, पुन्हा फासा टाकताना, प्रत्येक ठिकाणी तो नियम आठवावा लागतो. दुसरा मोह खेळाडूच्या क्लासमध्ये लिहायचा. पण खेळाडूला १०० हा आकडा का माहीत असावा? उद्या ६४ घरांचा पट केला तर खेळाडू बदलायचा का? घरं किती, साप कुठे, शिड्या कुठे, हे पटाला माहीत आहे. म्हणून पटाला एकच मेथड द्या: ‘या घरावरून इतकी पावलं टाकली तर कुठे पोहोचेन?’ उत्तर देताना पट साप, शिडी, शेवट सगळं बघून घेईल. खेळाडू फक्त आलेलं उत्तर आपल्या जागेत लिहील. सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे असं आहे. तुमचं वेगळं निघालं आणि त्यामागे कारण असलं तर तेही चालेल.

एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच. जावा शिकणारी बरीच मुलं क्लासमधलं सगळं प्रायव्हेट करतात आणि लगेच एडिटरकडून प्रत्येकाचे गेटर-सेटर (किंमत वाचून देणारी आणि बदलणारी मेथड) बनवून घेतात. दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच दारावर टांगून ठेवायची, तसं. ‘सेट जागा’ अशी मेथड कुणालाही १०४ लिहू देणार असेल तर प्रायव्हेट शब्द लिहून काय मिळवलं? कुठलाही सेटर लिहिण्याआधी विचारा: बाहेरच्याला खरंच आकडा बदलायचा आहे, की त्याला चाल करून हवी आहे?

चौथी पायरी: फासा बाहेरून द्या

सापशिडीतला माझा आवडता भाग. तुम्हाला खात्री करायची आहे की १७ व्या घरावरचा साप खेळाडूला ७ वर आणतो. पण फासा यादृच्छिक आहे. खेळ पन्नास वेळा चालवत बसणार का?

फाशाचा वेगळा क्लास करा. त्यात ‘टाक’ अशी एकच मेथड, जी १ ते ६ मधला आकडा देते. आता खेळाच्या क्लासने आत स्वतः फासा बनवायचा नाही. कन्स्ट्रक्टरमध्ये त्याला फासा बाहेरून द्यायचा. मग दुसरा क्लास लिहा, ‘ठरलेला फासा’. त्याला आकड्यांची यादी दिली की तो ‘टाक’ म्हटल्यावर तीच क्रमाने देतो: ६, ६, ५. तपासताना खेळाला हा फासा द्या. तीनदा फासा टाकला की सोंगटी १७ वर पोहोचते आणि ७ वर आलेली दिसते. खेळाच्या कोडमध्ये एक अक्षरही बदललेलं नाही. समोर कुठला फासा आहे हे खेळाला माहीतच नाही. ‘टाक’ म्हटलं की आकडा येतो, त्याला तेवढंच हवं.

याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करते, या उदाहरणाने पॉलिमॉर्फिझम समजला असं कबूल करणारा माणूस मला अजून भेटायचाय. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा शब्द रूढ करणारे आणि स्मॉलटॉक भाषेमागचे ॲलन के यांनी नंतर म्हटलं होतं की ऑब्जेक्टपेक्षा त्यांनी एकमेकांना पाठवायचे निरोप महत्त्वाचे. दोन फाशांचा हा खेळ केल्यावर ते वाक्य पटतं.

पाचवी पायरी: इनहेरिटन्स, पण हात राखून

इथे माझी एक चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी रिपोर्ट छापायचं काम सहा पातळ्यांच्या इनहेरिटन्सने (एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेणं) केलं होतं. रिपोर्ट, त्याखाली छापील रिपोर्ट, त्याखाली मासिक छापील रिपोर्ट, अशी वंशावळ. कागदावर देखणी दिसायची. मग मासिक, पण छापायचा नसलेला, फक्त ईमेलने जाणारा रिपोर्ट हवा झाला. वंशावळीत त्याला जागाच नव्हती. दोन दिवस झगडून शेवटी सगळं मोडलं. रिपोर्टकडे एक ‘कालावधी’ आणि एक ‘पाठवायची पद्धत’ अशी दोन वेगळी ऑब्जेक्ट दिली. कोड निम्म्याहून कमी झाला.

‘हा त्याचा एक प्रकार आहे’ असं म्हणता आलं की इनहेरिटन्स, आणि ‘याच्याकडे ते आहे’ असं म्हणता आलं की कंपोझिशन, अशी ढोबळ कसोटी सगळीकडे सांगतात. ती पुरत नाही. चौरस हा आयताचा एक प्रकार आहे, भूमितीत नक्कीच. पण आयताची लांबी तशीच ठेवून नुसती रुंदी बदलता येते आणि चौरसाची तशी बदलली तर तो चौरस राहत नाही. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेला विचार इथे कामाचा आहे: मूळ क्लासचं ऑब्जेक्ट जिथे चालतं तिथे उपक्लासचं ठेवलं, तर काहीही बिघडता कामा नये.

सरावासाठी बुद्धिबळ घ्या. कॉम्प्युटरने खेळायचं नाही, फक्त दोन माणसांच्या चाली नियमात आहेत का ते बघायचं. मोहरा हा मूळ क्लास आणि राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादं हे सहा उपक्लास. प्रत्येकाची ‘कुठे जाता येईल’ ही मेथड वेगळी. इथवर इनहेरिटन्स छान शोभतं.

मग प्यादं शेवटच्या ओळीत पोहोचतं आणि त्याचा वजीर करायचा असतो. प्यादं म्हणून बनलेलं ऑब्जेक्ट वजीर कसं होणार? पायथनमध्ये चालत्या ऑब्जेक्टचा क्लास बदलायची चोरवाट आहे, ती वापरू नका. दोन सरळ वाटा आहेत. पटाने प्यादं उचलून त्या घरात नवा वजीर ठेवायचा, किंवा मोहऱ्याकडे ‘चालण्याची रीत’ हे वेगळं ऑब्जेक्ट द्यायचं आणि तेच बदलायचं. दोन्ही लिहून बघा. इनहेरिटन्सने दिलेली ओळख जन्मभराची असते, ही गोष्ट तेव्हा खरी कळते.

पुढे कॅसलिंग येतं, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं. राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मग ही आठवण कुणी ठेवायची? त्यानंतर एन पासाँ, म्हणजे प्याद्याने प्यादं मारायची एक खास चाल. प्रतिस्पर्ध्याचं प्यादं नुकतंच, याच आधीच्या चालीत, दोन घरं पुढे आलेलं असेल तरच ते असं मारता येतं. एकट्या प्याद्याला हे ठाऊक असणं शक्यच नाही. मागची चाल खेळाला माहीत असते. हे दोन नियम नीट बसवायला मला पूर्ण शनिवार-रविवार लागला होता. तुम्हालाही लागेल, आणि लागू दे.

सहावी पायरी: ग्रंथालय, जिथे नामं पुरत नाहीत

‘वाक्यातली नामं म्हणजे क्लास आणि क्रियापदं म्हणजे मेथड’ अशी युक्ती तुम्हाला कुणीतरी सांगेलच. सभासद पुस्तक नेतो. म्हणजे सभासद क्लास, पुस्तक क्लास, ‘ने’ ही मेथड. पुस्तकात ‘कुणाकडे आहे’ अशी एक जागा ठेवली की झालं.

आता त्याच पुस्तकाच्या तीन प्रती आल्या. नाव, लेखक, प्रकाशनवर्ष तिन्हींचं एकच. पण एक बाहेर गेलीय, एकीची पानं सुटलीत, एक कपाटात आहे. म्हणजे ज्याला आपण पुस्तक म्हणत होतो त्या दोन गोष्टी निघाल्या: ‘पुस्तक’ आणि ‘प्रत’. सभासद आरक्षण करतो ते पुस्तकाचं, हातात घेऊन जातो ती प्रत. बोलताना आपण दोन्हींना पुस्तकच म्हणतो, म्हणून नामं शोधायच्या युक्तीत हे सापडत नाही.

आणखी एक बदल: मागच्या वर्षी ही प्रत कुणाकुणाकडे होती? कुणी उशिरा परत केली? ‘कुणाकडे आहे’ या जागेत फक्त आजचा माणूस राहतो, कालचा पुसला गेलेला असतो. नेणं हे क्रियापद होतं. त्याचं आता नाम करावं लागतं: ‘उसनवारी’ असा क्लास, ज्यात प्रत, सभासद, नेल्याची तारीख आणि परत केल्याची तारीख. विलंबशुल्काचा हिशेब प्रत करत नाही, सभासदही करत नाही. दोन्ही तारखा उसनवारीकडे आहेत, तेव्हा दिवस तिनेच मोजावेत. हा क्लास सापडला की आधी तीन ठिकाणी पसरलेला कोड आपोआप एका जागी गोळा होतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या होत्या.

अभ्यासाचं साहित्य: थोडं आणि पुरेसं

पायथनच्या अधिकृत ट्यूटोरियलचं नववं प्रकरण क्लासवर आहे. सुरुवातीला ते नेमस्पेस आणि स्कोपमध्ये शिरतं, त्याला घाबरून बरेच जण पळतात. पहिल्या वाचनात तो भाग सोडा, दुसऱ्या पायरीनंतर परत या. व्हिडिओच हवे असतील तर एमआयटीच्या ओपन कोर्सवेअरवर पायथनचा प्रास्ताविक अभ्यासक्रम मोफत आहे, त्यातही ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्सवर स्वतंत्र व्याख्यानं आहेत. जावासाठी हेलसिंकी विद्यापीठाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम घ्या. त्यात व्याख्यान कमी, सराव भरपूर आणि प्रत्येक उत्तर आपोआप तपासलं जातं. छोट्या सरावांसाठी एक्सरसिझम ही वेबसाइट आहे.

यातलं एकच मुख्य धरा. पाच अभ्यासक्रमांची पहिली दोन प्रकरणं करणारे लोक मी खूप पाहिलेत, त्यांना क्लासची व्याख्या पाच प्रकारे येते. कोड कॉपी-पेस्ट करू नका, टाइप करा. एआय जवळ असेल तर त्याच्याकडून क्लास लिहून घेऊ नका. तुम्ही लिहिलेला दाखवा आणि विचारा, ‘यातली कुठली मेथड चुकीच्या घरात राहतेय?’ उत्तर आलं तरी लगेच मान्य करू नका, वाद घाला.

डिझाइन पॅटर्न (नेहमी येणाऱ्या अडचणींवरच्या ठरलेल्या रचना) नंतर. १९९४ च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ज्या पुस्तकामुळे हा शब्द घराघरांत पोहोचला त्यात २३ पॅटर्न आहेत, आणि ते पाठ करून मग कुठे वापरू असं शोधत फिरणं म्हणजे औषधाला रोग शोधणं. सापशिडी, बुद्धिबळ आणि ग्रंथालय हे तिन्ही झाल्यावर ते उघडा. बाहेरून दिलेला फासा आणि मोहऱ्याची बदलती रीत तिथे स्ट्रॅटेजी या नावाने भेटतील.

जुना कोड पुन्हा उघडा

रोज तासभर दिला तर हे सगळं अडीच-तीन महिन्यांचं काम आहे. शेवटी, क्लास वापरलेली सापशिडी लिहून दोनेक महिने झाले की ती उघडा आणि दोन बदल करा: सलग तीन सहा पडले तर डाव रद्द, आणि दोन सोंगट्या एका घरात आल्या तर आधीची सोंगटी घर क्रमांक १ वर. बदल करताना किती ठिकाणी हात घालावा लागला ते वहीत लिहून ठेवा. मग क्लासशिवायची अगदी पहिली आवृत्ती, फेकली नसेल तर, काढून तेच दोन बदल तिच्यातही करून बघा. माझे आकडे होते तीन आणि अकरा.